गोळी चालू होती, तपासणी राहून गेली: कॅल्शियम आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं एक प्रकरण

सात वर्षांनी त्या परत आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक म्हणजे पहिल्या कोलोनोस्कोपीचा (दुर्बिणीने केलेल्या मोठ्या आतड्याच्या तपासणीचा) घडी घालून झिजलेला अहवाल आणि दुसरी कॅल्शियमच्या गोळ्यांची अर्धी संपलेली बाटली. टेबलावर त्यांनी आधी बाटली ठेवली. "एक दिवससुद्धा खाडा केलेला नाही, डॉक्टर," त्या म्हणाल्या. अहवाल मला मागून घ्यावा लागला.

ही रुग्ण प्रातिनिधिक आहे. आतड्यातले पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवलेल्या लहान गाठी, काढून घरी गेलेल्या आणि गोळीवर विसंबून राहिलेल्या अनेकांच्या हकिकतींतून मी तिची मांडणी केली आहे. पुढे येणारे अभ्यासांचे आकडे मात्र प्रसिद्ध झालेलेच आहेत.

वय ६१. पहिली कोलोनोस्कोपी ५४ व्या वर्षी झालेली. त्या वेळी मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या सिग्मॉइड भागात १२ मिलिमीटरचा एक अडेनोमा, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारा पॉलिप, सापडला आणि थोडा वर ६ मिलिमीटरचा दुसरा. दोन्ही पूर्ण काढले, पॅथॉलॉजीच्या अहवालात कर्करोग नव्हता. १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा अडेनोमा निघाला की तीन वर्षांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करायची असते. तसं अहवालात लिहिलेलंही होतं. अगदी तळाशी, तपासणीआधी औषधाने आतडं किती रिकामं झालं त्याबद्दल, आणखी एक ओळ होती: आतड्याची सफाई मध्यम. ती ओळ कुणीच वाचली नव्हती, आणि या प्रकरणात ती फार महत्त्वाची आहे.

गोळ्या त्यांनी स्वतःहून सुरू केल्या. पॉलिप निघाल्याच्या धक्क्यात त्या हाती येईल ते वाचत होत्या, आणि कॅल्शियम घेणाऱ्यांत पॉलिप पुन्हा होण्याचं प्रमाण कमी असतं असं त्यांना कुठेतरी सापडलं. सकाळी एक, रात्री एक. प्रत्येक गोळीत १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियम फक्त ४० टक्के असतं, त्यामुळे वेष्टनावरचा मोठा आकडा वाचून हिशेबात चूक होते. आणखी एक २०० मिलिग्रॅमची गोळी त्यांनी हाडांसाठी म्हणून जोडली. रोजचे झाले १२०० मिलिग्रॅम.

तीन वर्षांनी बोलावणं आलं तेव्हा त्या गेल्या नाहीत. कारण विचारलं, तर त्यांनी सरळ सांगितलं: "आदल्या रात्रीचं ते औषध, रात्रभराचे जुलाब, परत ते सगळं. म्हटलं, गोळी चालू आहे ना. जे टाळायचं ते ती टाळतेच आहे."

आताही त्या तपासणीसाठी आल्या नव्हत्या. दोन महिने शौचावाटे लाल रक्त जात होतं. ते मूळव्याधीचं निघालं. बद्धकोष्ठता जुनी होती. कॅल्शियम कार्बोनेटने बद्धकोष्ठता होते हे सर्वश्रुत आहे, आणि त्यांना ती गोळ्या सुरू केल्यापासूनच जाणवत होती. पण साठीनंतरचं रक्त मूळव्याधीवर ढकलून मोकळं होता येत नाही, आणि त्यांच्या तर मागे १२ मिलिमीटरचा अडेनोमा होता. कोलोनोस्कोपी ठरली.

विश्वास कुठून आला

त्यांनी जे वाचलं होतं ते खोटं नव्हतं. हे आधी सांगायला हवं, कारण अशा वेळी रुग्णाला अडाणी ठरवून पुढे जाणं सोपं असतं.

कॅल्शियमची कल्पना चांगल्या शास्त्रातून आली आहे. १९८४ मध्ये न्यूमार्क, वॉर्गोविच आणि ब्रूस या संशोधकांनी असं मांडलं की चरबीयुक्त आहारानंतर मोठ्या आतड्यात पित्ताम्लं आणि मेदाम्लं मोकळी उतरतात, ती आतड्याच्या अस्तराला चरचरवतात, आणि झालेली झीज भरून काढायला पेशी भराभर विभागू लागतात. कॅल्शियम या आम्लांना पकडून त्यांचा न विरघळणारा साबण करतं. तो साबण शौचावाटे निघून जातो, अस्तर शांत राहतं. पुढच्याच वर्षी लिपकिन आणि न्यूमार्क यांनी घराण्यात आतड्याचा कर्करोग असलेल्या १० जणांना रोज १.२५ ग्रॅम कॅल्शियम दिलं. दोन-तीन महिन्यांत त्यांच्या अस्तरातल्या पेशींचं विभाजन मंदावलेलं दिसलं. नंतर लक्षात आलं की कॅल्शियम पेशींवरच्या, त्याला ओळखणाऱ्या एका रेणूशीही (रिसेप्टरशी) थेट बोलतं आणि त्यांना वाढ थांबवून परिपक्व व्हायला लावतं. लाल मांसातलं हीम हा लोहयुक्त घटकही ते बांधून ठेवू शकतं.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे, जी गोळ्या घेणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. हाडांसाठी उपयोगी पडतं ते शोषलं गेलेलं कॅल्शियम. आतड्यात पित्ताम्लं बांधतं ते मात्र न शोषलेलं, शेवटपर्यंत खाली उतरलेलं. म्हणून 'उत्तम शोषण' असं लिहिलेली महाग गोळी या कामासाठी अधिक चांगली ठरेलच असं धरायला काही आधार नाही.

मग १९९९ साली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. जॉन बॅरन आणि सहकाऱ्यांनी अडेनोमा नुकतेच काढलेले ९३० जण घेतले. निम्म्यांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. एका वर्षाने आणि चार वर्षांनी कोलोनोस्कोपी. दोन्ही तपासण्यांच्या मधल्या काळात किमान एक अडेनोमा निघाला तो कॅल्शियम गटात ३१ टक्क्यांना, निष्क्रिय गोळीच्या गटात ३८ टक्क्यांना. शंभरात सात जणांचा फरक. गोळ्या थांबवल्यानंतरही पाच वर्षांपर्यंत हा फायदा टिकलेला दिसला, असं याच चाचणीच्या २००७ मधल्या पाठपुराव्यात आलं.

फरक खरा होता आणि लहान होता. चौदा-पंधरा जणांनी चार वर्षं गोळी घ्यावी तेव्हा एकाचा अडेनोमा टळावा, इतका. आणि अडेनोमा म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक अडेनोमा कधीच कर्करोग होत नाहीत, आणि जे होतात त्यांना साधारण दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. बाईंनी आपल्या वहीत लिहून ठेवलं होतं, "कॅल्शियमने कर्करोग टळतो." चाचणीचा निष्कर्ष आणि ही ओळ यांच्यात दोन पायऱ्या गळल्या आहेत.

तिसरी गळलेली पायरी मला सगळ्यांत जास्त छळते. त्या ९३० जणांपैकी प्रत्येकाचं आतडं गोळी सुरू होण्याआधी पॉलिपमुक्त केलेलं होतं. प्रत्येकाला ठरलेल्या वेळी पुन्हा तपासायचं होतं. जे सापडेल ते काढलं जाणार होतं. गोळीची परीक्षा झाली ती तपासणीच्या जोडीला. तपासणीऐवजी गोळी दिली तर काय होईल, हा प्रश्न या चाचणीने विचारलाच नाही. विचारणं योग्यही झालं नसतं. बाईंनी नेमका हाच, कधीच न झालेला प्रयोग स्वतःवर सात वर्षं केला.

प्रत्यक्ष कर्करोग मोजले तेव्हा

पॉलिप मोजणं सोपं असतं, कारण ते बऱ्याच जणांना होतात. कर्करोग मोजायला हजारो माणसं आणि अनेक वर्षं लागतात. तशी चाचणी अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या स्त्रियांच्या आरोग्यावरच्या मोठ्या प्रकल्पात झाली. रजोनिवृत्तीनंतरच्या ३६,२८२ स्त्रिया, रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट ड जीवनसत्त्व, किंवा निष्क्रिय गोळी. सरासरी सात वर्षं. २००६ मध्ये निकाल आला. मोठ्या आतड्याचे आणि गुदाशयाचे कर्करोग गोळी घेणाऱ्या गटात १६८, न घेणाऱ्या गटात १५४. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक योगायोगापासून वेगळा काढता येत नाही. मूत्रमार्गातले खडे मात्र गोळीच्या गटात १७ टक्क्यांनी जास्त.

या निकालाला पळवाटा आहेत आणि त्या प्रामाणिक आहेत. या स्त्रियांचं रोजचं कॅल्शियम चाचणीआधीच सरासरी ११५० मिलिग्रॅमच्या आसपास होतं. भरलेल्या भांड्यात आणखी ओतून काय दिसणार? सात वर्षंही थोडी आहेत, ज्या रोगाला उगवायला दहा-वीस वर्षं लागतात त्याच्यासाठी तर फारच थोडी. पण हे दोन्ही आक्षेप बाईंनाही काही अंशी लागू होते. त्यांच्या आहाराचा हिशेब आम्ही मांडला तेव्हा गोळी सोडूनच ८०० मिलिग्रॅमच्या आसपास निघाले. त्या वयाच्या स्त्रीला एकूण १२०० लागतात. सात वर्षं त्या २००० घेत होत्या, म्हणजे वरच्या सुरक्षित मर्यादेच्या अगदी काठावर.

२०१५ मध्ये बॅरन यांच्याच गटाने पुन्हा, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर, तपासून पाहिलं. अडेनोमा काढलेले २,२५९ जण, कॅल्शियम १२००, ड जीवनसत्त्व १००० युनिट, दोन्ही किंवा काहीच नाही. तीन किंवा पाच वर्षांनी कोलोनोस्कोपी. या वेळी कॅल्शियमचा फायदा दिसला नाही. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला धक्का देणारा निकाल त्या गटाने तितक्याच ठळकपणे छापला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. युरोपात २००० साली प्रसिद्ध झालेल्या ६६५ जणांच्या चाचणीत २ ग्रॅम कॅल्शियमचा कल फायद्याकडे होता, पण तो योगायोगापासून वेगळा काढता येत नव्हता. त्याच चाचणीत इसबगोलाच्या भुशीच्या गटात अडेनोमा चक्क वाढलेले दिसले. जे आहारात चांगलं ते पुडीत किंवा गोळीत घातलं की तसंच चांगलं राहतं, हे गृहीत धरता येत नाही.

आहाराचं म्हणाल तर तिथलं चित्र वेगळं आहे आणि ते मी बाईंपासून लपवलं नाही. ब्रिटनमधल्या ५,४२,७७८ स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२५ मध्ये आला. आहारातून रोज ३०० मिलिग्रॅम जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांत आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण १७ टक्के कमी. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. पण ती प्रचंड मोठी आहे, आणि जुन्या अनेक पाहण्यांशी जुळते. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८ मध्ये दुग्धजन्य पदार्थ आणि कॅल्शियमच्या गोळ्या दोन्हींना 'बहुधा संरक्षक' म्हटलं, आणि त्याच अहवालात कर्करोग टाळण्यासाठी पूरक गोळ्यांवर विसंबू नका असंही सांगितलं. बाईंना यात विसंगती वाटली. मला नाही वाटत. एखाद्या गोष्टीचा थोडा उपयोग असणं वेगळं आणि तिच्यावर भार टाकता येणं वेगळं.

कोलोनोस्कोपीत काय निघालं

या वेळी सफाई उत्तम झाली होती. त्यासाठी औषध दोन हप्त्यांत विभागून दिलं, अर्धं आदल्या संध्याकाळी आणि अर्धं पहाटे. डाव्या बाजूला ४ मिलिमीटरचा एक छोटा अडेनोमा मिळाला, तो लगेच काढला. जिथे १२ मिलिमीटरचा होता तिथे व्रणाशिवाय काही नव्हतं. बाईंची गोळी इथे पास झाली असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, पण मान्यही करणार नाही. एका माणसावरून ते ठरत नाही.

खरा प्रश्न उजव्या बाजूला होता. चढत्या आतड्याच्या एका घडीवर पिवळसर चिकट द्रवाचा थर दिसला. धुऊन पाहिला तर खाली १४ मिलिमीटरची, जवळजवळ सपाट, आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाची गाठ. कडा कळायला दोन मिनिटं लागली. पॅथॉलॉजीत ती दंतुर प्रकारची निघाली: बैठी, दंतुर कडांची, अजून पेशींत बिघाड न झालेली. पूर्ण काढली.

दंतुर गाठी अडेनोमापेक्षा वेगळ्या वाटेने जातात. अडेनोमाच्या वाटेवर बहुधा एपीसी जनुक आधी बिघडतं, दंतुर वाटेवर बीआरएएफ जनुकाचा बदल आणि डीएनएवर चढणारी मिथाइलची पुटं. त्या उजवीकडे असतात, सपाट असतात, द्रवाखाली लपतात, सहज चुकतात. आणि कॅल्शियमच्या या गोष्टीत त्यांचं एक अस्वस्थ करणारं प्रकरण आहे. २०१५ च्या त्याच चाचणीतल्या लोकांचा पुढे पाठपुरावा झाला. गोळ्या चालू होत्या त्या काळात दंतुर गाठींत फरक नव्हता. पण सुरुवात केल्यापासून सहा ते दहा वर्षांनंतर कॅल्शियम घेतलेल्यांत बैठ्या दंतुर गाठींचं प्रमाण २.६५ पट आणि कॅल्शियमसोबत ड जीवनसत्त्व घेतलेल्यांत ३.८१ पट आढळलं. धोका स्त्रियांत आणि धूम्रपान करणाऱ्यांत अधिक होता. बाई स्त्री आहेत, दिवसाला सहा-सात सिगारेटी ओढतात, आणि सातवं वर्ष चालू होतं.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच ती वाढवली?"

नाही. म्हणजे, तसं म्हणता येत नाही. ते मी जेवढं ठामपणे म्हणू शकलो तेवढं म्हणालो. २.६५ पट या आकड्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा जिथे असू शकतो तो पट्टा, १.४३ पासून ४.९१ पर्यंत पसरलेली आहे. अशा गाठी मुळात मोजक्या, आणि हा पाठपुरावा गोळ्यांचा काळ संपल्यानंतरचा. एका अभ्यासाचा इशारा म्हणून तो गंभीरपणे घ्यावा, निकाल म्हणून नव्हे. त्यांच्या गाठीची दोन अधिक साधी कारणं समोर होती. धूम्रपान हे दंतुर गाठींचं नीट सिद्ध झालेलं कारण आहे. आणि दुसरं म्हणजे अहवालाच्या तळाची ती ओळ. ५४ व्या वर्षी सफाई मध्यम होती. उजव्या बाजूची सपाट, द्रवाने झाकलेली गाठ अशाच सफाईत हुकते. माझा अंदाज असा की ती किंवा तिचं लहान रूप तेव्हाच तिथे होतं. ५७ व्या वर्षी पाहिलं असतं तर बहुधा ५-६ मिलिमीटरची असताना निघाली असती.

कॅल्शियमने ती गाठ केली का, हे कुणीच सांगू शकणार नाही. कॅल्शियमने ती चार वर्षं जास्त जागेवर राहू दिली, हे मी सांगू शकतो. रसायनाने नव्हे, भरवशाने.

थोडं विषयांतर, पण टाळवत नाही. सेलेनियमचं असंच झालं होतं. १९९६ मध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या १,३१२ रुग्णांवरच्या चाचणीत, जे मोजायचंच ठरवलं नव्हतं ते बोनस म्हणून हाती लागलं: रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांत आतड्याचे कर्करोग निम्म्याहून कमी. जगभर गोळ्या खपल्या. मग ३५,५३३ पुरुषांवर 'सिलेक्ट' ही मोठी चाचणी झाली आणि फायदा नाहीसा झाला. आता समुद्री लाल शैवालातून काढलेल्या बहुखनिज पुडीची चर्चा आहे. उंदरांत पॉलिप कमी झाले, माणसांत तीस जणांवर नव्वद दिवसांचा सुरुवातीचा अभ्यास झाला. काम रोचक आहे. पण बाईंच्या बाटलीशेजारी आणखी एक बाटली ठेवण्याइतकं ते अजून नाही.

काय ठरलं

पाठपुराव्याच्या त्याच संशोधकांनी सुचवलं होतं की दंतुर गाठी होऊन गेलेल्यांनी, विशेषतः स्त्रियांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनी, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळण्याचा विचार करावा. बाई या तिन्हींत बसत होत्या. त्यांच्या हाडांची घनता तपासली, थोडी कमी निघाली, औषधाची गरज नव्हती. गोळ्या थांबवल्या. ८०० ते १२०० मधलं अंतर त्या आहारातून भरून काढणार होत्या, आणि ते अवघड नव्हतं. हाडं खरंच ठिसूळ असती तर मी असं केलं नसतं. मोडलेलं खुब्याचं हाड हाही जीवघेणा आजार आहे, आणि एका अभ्यासातल्या इशाऱ्यापायी तो पत्करायचा नसतो.

सिगारेटींबद्दल आम्ही सर्वांत जास्त वेळ बोललो. गोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्या चिडल्या, मग गप्प झाल्या, मग तारीख विचारली. निकोटिनच्या पट्ट्या आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं.

बद्धकोष्ठता तीन आठवड्यांत कमी झाली, रक्त थांबलं.

१० मिलिमीटरपेक्षा मोठी दंतुर गाठ असल्याने पुढची कोलोनोस्कोपी पुन्हा तीन वर्षांनी. या वेळी मी ती तारीख अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहिली, सफाई कशी होती ते दुसऱ्या ओळीत. बाईंनी ती तारीख मुलीच्या फोनमध्येही घालून घेतली. त्यांचा भाऊ ५२ वर्षांचा आहे आणि त्याची एकदाही तपासणी झालेली नव्हती. बहिणीला ५४ व्या वर्षी १२ मिलिमीटरचा अडेनोमा निघाला होता, हे त्याला गेल्या सात वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. कॅल्शियमची एक बाटली मात्र बाईंनी त्यालाही दिली होती. त्याची कोलोनोस्कोपी पुढच्या महिन्यात आहे.